आपण अंगठे धरावेत

"आपण जरा अंगठे धरावेत," हे वाक्य मी आठवी 'ब'च्या खिडकीबाहेर उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. एकवीस वर्षं मराठी शिकवते आहे, पण आदरार्थी बहुवचनाचा हा उपयोग माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात नव्हता. आत आमचे रूळसर उभे होते आणि समोर गृहपाठ न आणलेला मुलगा. पोराने आधी मागे वळून पाहिलं. कुणीतरी मोठं माणूस वर्गात आलंय आणि सर त्यांनाच वाकायला सांगताहेत, असा त्याचा समज झाला होता.

त्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकबाईंनी सूचनावही फिरवली होती. 'विद्यार्थ्यांशी आदराने बोलावे. अपशब्द टाळावेत.' रूळसरांनी सही केली आणि पहिल्या तासापासून आदेश अमलात आणला. 'अरे गाढवा'च्या जागी 'आपण गाढव आहात' आलं. 'तुझा बाप येणार आहे का गणित सोडवायला?' याऐवजी 'आपले तीर्थरूप येणार आहेत का?' असं विचारणं सुरू झालं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं चोख. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत घबराट पसरली. सहावीतली एक मुलगी रडत माझ्याकडे आली. "बाई, सर मला आपण म्हणाले."

तिचं काही चुकलं नव्हतं. मराठी माणूस आईला 'अगं' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो आणि घरी वसुलीला आलेल्या माणसाला 'आपण' म्हणतो. एरवी अरे-तुरे करणारा माणूस एकदम अहो-जाहोवर आला की काहीतरी वाईट घडणार, एवढं सहावीतल्या मुलीलाही कळतं.

रूळसर गणिताचे. त्यांचा रूळ सागवानी, दीड फुटी, समासाच्या रेघा मारण्यासाठीचा. पण वहीवर तो जेवढा चालला, त्याहून जास्त तळहातावर चालला. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'समजूत'. वर्गात कुणी चुळबुळ केली की सर खणाला हात घालत आणि अगदी मायेने विचारत, "समजूत काढू का?" नव्या आलेल्या पोराला वाटे, सर किती प्रेमळ. तो "हो सर" म्हणे.

पण त्यांना खलनायक करून टाकलं तर मीच खोटी पडेन. शिष्यवृत्तीच्या मुलांना ते सकाळी सात वाजता फुकट शिकवत. कंपासपेटी नसलेल्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्या दिवशी कंपासपेटी सापडे, आणि ती कुठून आली असं विचारणाऱ्याची समजूत काढली जाई. दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दोन-चार पोट सुटलेले गृहस्थ मंचावर हात पुढे करून सांगत, "सरांनी इथे मारलं म्हणून आज मी इथे आहे." टाळ्या पडत. ज्यांना मारलं आणि जे कुठेच पोचले नाहीत, ते मेळाव्याला येत नाहीत, ही गोष्ट त्या टाळ्यांत कुणाच्या लक्षात येत नसे. बरीच वर्षं माझ्याही आली नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली. स्टाफरूममध्ये तेव्हा सुतक पसरलं होतं. रूळसरांनी मात्र शांतपणे कायदा मिळवला आणि गणिताचं उदाहरण वाचावं तसा वाचला. चौथ्या दिवशी ते हसतमुखाने आले. "सहा ते चौदा वयोगट," ते म्हणाले. "पुढे काय ते लिहिलेलं नाही."

त्यानंतर त्यांच्या हजेरीपटात जन्मतारखांपुढे लाल पेनाच्या बारीक खुणा दिसू लागल्या. आठवीतला एक मुलगा वाढदिवसाची चॉकलेटं वाटत आला. सरांनी चॉकलेट घेतलं, तोंडात टाकलं, वहीत पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चौदा पूर्ण. आजपासून तू आमच्या हद्दीत." दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत हजर. पोराची तारीख चुकीची लागलीय, तो ज्या साली ओढ्याला पूर आला त्या साली झालाय, असं तिचं म्हणणं. सर हे ऐकून घेतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण त्यांनी ऐकून घेतलं, कारण त्यांची स्वतःची जन्मतारीख १ जून. त्या पिढीत शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराला कधी जन्मलास हे विचारण्याच्या भानगडीत गुरुजी पडत नसत. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं सहाचं दिसतंय, लिहा १ जून. आमच्या स्टाफमध्ये १ जूनला सहा वाढदिवस असत आणि केक एकच आणला जाई. पोरांनाही हे ठाऊक. 'एक जून' हे रूळसरांचं दुसरं टोपणनाव.

'चौदाच्या पुढची हद्द' नंतर बंद झाली. २०१५ चा बाल न्याय अधिनियम आला, त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं, आणि ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तुरुंगाची तरतूद. ते कलम नव्या मुख्याध्यापकबाईंनी सरांना वाचून दाखवलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि 'समजूत' खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. नियमाविरुद्ध त्यांनी आयुष्यात कधी काही केलं नाही. नियम बदलला, उत्तर बदललं, इतकंच. मनाचा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

आता अशा माणसाच्या गळ्यात बालहक्कांचं काम पडावं कसं? त्यामागे बाईंचं राजकारण होतं. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आली. तक्रारपेटी त्याआधीच आली होती. समितीत पालक, शिक्षिका, विद्यार्थी प्रतिनिधी असे सगळे, आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. पण कागदावरच्या सचिवासाठी इतिवृत्त लिहिणारा खरा माणूस वेगळा लागतो, हे शाळेत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. बाईंनी हिशेब केला की पेटीत सगळ्यात जास्त चिठ्ठ्या ज्याच्याविरुद्ध येतील, त्यालाच पेटीशेजारी बसवलं तर पेटी रिकामी राहील आणि अहवाल स्वच्छ जाईल. सरांकडे तंबाखूमुक्त शाळा, रस्ता सुरक्षा आणि वृक्षारोपण हे प्रभार होतेच. चौथा मिळाला. "करू या," सर म्हणाले. त्यांना विचारलं गेलं नव्हतं, पण 'करू या' म्हणायची त्यांना सवय होती.

त्यांनी काम अंगावर घेतलं ते पाढ्यांसारखं. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर केला, भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला, त्यात ५४ कलमं आहेत, हे महिन्याभरात पाचवीतल्या मुलालाही झोपेत सांगता येऊ लागलं. सांगता आलं नाही तर सांगता येईपर्यंत उभं राहावं लागे. बालदिनापासूनच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर कलम १२ लिहिलं. मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताची दखल घेतली पाहिजे. खाली तळटीप. 'ज्यांचे पाठ नसेल त्यांनी पन्नास वेळा लिहून आणावे.' नववीतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, यावर मत मांडलं तर चालेल का?" सर म्हणाले, "साठ वेळा."

१०९८ हा संकटातल्या मुलांसाठीचा फोन क्रमांक त्यांनी भिंतीवर रंगवून घेतला. इतका मोठा की बसमधून जाणाऱ्यांना तो शाळेचाच वाटे. पटसंख्येवरून दोन माणसांत पैजही लागली म्हणतात.

वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'माझे मत'. वीस भाषणं, वीसही सरांनी लिहिलेली. मुलांनी ती पाठ केली. सातवीतली एक मुलगी तिसऱ्या वाक्याला विसरली. क्षणभर थांबून ती स्वतःच्या मनाचं बोलायला लागली. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, म्हणून त्या दोघी-दोघी जातात, एक आत आणि एक दार धरून, आणि मग दोघींना उशीर झाला की दोघींना वर्गाबाहेर उभं करतात. सभागृहात कुणी हललं नाही. परीक्षक म्हणून मीच बसले होते. तिला बक्षीस मिळालं नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'विषयाला धरून नाही.' तो शेरा सरांचा. त्याखाली सही माझी.

कडी मात्र त्याच संध्याकाळी बसली. रूळसरांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर आणून बसवली. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पेटी हा खरा गमतीचा भाग. हिरवी, पत्र्याची, कुलूपवाली, पाण्याच्या टाकीशेजारी. पहिला महिनाभर ती रिकामी राहिली आणि बाई खूश झाल्या. मग कुणीतरी धीर केला असावा. शनिवारी सर पेटी उघडत, चिठ्ठ्या मोजत, क्रमांक देत आणि समितीपुढे मोठ्याने वाचत. गणिताच्या माणसाला मोजता येणारी गोष्ट मिळाली की तो रमतो. मी समितीत शिक्षिका प्रतिनिधी, म्हणून त्या चिठ्ठ्या मला अजून आठवतात.

'खिचडीत आज वाटाणा होता. मला एक पण नाही आला.' 'मॉनिटर स्वतःच्या मित्रांची नावं फळ्यावर लिहीत नाही.' 'पाचवीच्या पोरांना टाकीवर पाणी पिऊ देत नाहीत, मोठी पोरं ढकलतात.' 'मला सगळे काळ्या म्हणतात. बाई पण हसल्या.' ही वाचून झाल्यावर मी बराच वेळ नोंदवही चाळत बसले, कारण त्या बाई मीच असण्याची शक्यता होती. 'सर आम्हाला खेळण्याचा हक्क कलम ३१ पीटीच्या तासाला शिकवतात. त्यामुळे पीटी होत नाही.' ही वाचताना सरांचा आवाज हलला नाही. त्यांनी कारवाईच्या रकान्यात लिहिलं, 'कलम ३१ गणिताच्या तासाला घ्यावे.' आणि पुढच्या आठवड्यापासून स्वतःचा तास कापला. गणिताचा तास! वर्गातल्या मुलांनी एकमेकांना चिमटे काढून पाहिले.

मग आली सत्तावीस क्रमांकाची चिठ्ठी. चार ओळींच्या वहीचं पान, पेन्सिल, पाचवीचं अक्षर. 'पेटीची किल्ली रूळसरांकडे आहे. मग रूळसरांची तक्रार कुठे टाकायची?'

वाचणारे रूळसरच. बाईंनी छताकडे पाहिलं. पालक प्रतिनिधींना एकाएकी फोन आला. सरांनी चिठ्ठी उलटून पाहिली, जणू मागे उत्तर छापलं असावं. मला वाटलं, आता 'आपण' सुरू होणार. सर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे." गणितात चूक दाखवणाऱ्या मुलाला ते हेच म्हणत आणि म्हणताना त्यांना खरोखर आनंद होई, ही त्यांची एक जुनी खोड. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सातवीतल्या त्याच, बक्षीस न मिळालेल्या मुलीपुढे सरकवली. ती आता समितीत विद्यार्थी प्रतिनिधी होती. तिने किल्ली घेताना हात इतक्या सावधपणे पुढे केला की जुनी सवय कळावी. तळहात उघडा, बोटं जुळलेली, डोळे मिटायच्या बेतात.

सरांनी ते पाहिलं. मी त्यांना ते पाहताना पाहिलं.

किल्ली गेल्यावर चिठ्ठ्यांचा नूरच बदलला. त्यांतल्या निम्म्या रूळसरांवर होत्या, पण मारण्याची तक्रार एकही नव्हती. 'सर मला नावाने हाक मारत नाहीत. ए खिडकी म्हणतात.' 'मला ए दुसरा बाक.' 'मला ए भावासारखा, कारण माझा भाऊ पण नापास होता.' सरांना मुलं बसण्याच्या जागेवरून ओळखू येत आणि जागा बदलली की मूल हरवे. वर्गात मुलं त्रेसष्ट. सरांनी ती त्रेसष्ट नावं पाढ्यासारखी पाठ केली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात फेऱ्या मारत ओठ हलवताना दिसत, आणि नवीन शिपाईमामांना वाटलं की सरांनी गुरुमंत्र घेतला. आठवड्याने त्यांनी हजेरीपट न उघडता हजेरी घेतली. एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर खूश झाले आणि म्हणाले, "आता उलट क्रमाने." तेही केलं. हाक मारताना तोंडून अजून 'खिडकी'च निसटे, पण लगेच थांबून नाव घेत. 'आपण' मात्र त्यांनी सोडलं. मुलांनीच लेखी विनंती केली होती. 'सर, आम्हाला तू म्हणा. आपण म्हटल्यावर पोटात दुखतं.'

याच दिवसांत मी त्यांना यानुश कोर्चाकबद्दल सांगितलं. पोलंडमधला मुलांचा डॉक्टर. वॉर्सामध्ये अनाथ मुलांचं घर चालवायचा. तिथे मुलांचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलं, आणि कोर्चाकने स्वतःवरही तिथे खटले भरले होते. शेवटी १९४२ साली नाझींनी मुलांना मृत्यूछावणीकडे नेलं तेव्हा सुटायची संधी असूनही तो त्यांच्याबरोबर गेला. सरांनी डबा बाजूला ठेवून सगळं ऐकलं. बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "त्यांना अनुदान किती टक्के होतं?"

मी चिडले. पण नंतर वाटलं, वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे मोजत ज्या माणसाचं तारुण्य गेलं, ज्याने बिनपगारी पहिली सात वर्षं सायकलवरून काढली, तो चांगल्या शाळेविषयी दुसरं काय पहिल्यांदा विचारेल? बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांवर त्यांनी बी.एड.ला दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं आणि आठ मिळवले होते. मुलाला भीतीशिवाय शिकवता येतं, हे त्या उत्तरात मुद्देसूद लिहिलेलं होतं. पुढे ते नोकरीच्या शाळेत हजर झाले तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांच्या हातात खडू, डस्टर आणि रूळ दिला होता. तोच हा रूळ.

या वर्षी मतदार याद्यांचं काम आलं. बाईंनी यादीत रूळसरांचं नाव घातलं, विचारलं नाही. त्यात आणखी एक ऑनलाइन माहिती भरायचा प्रभार टाकला, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडला की शिपाईमामा निरोप घेऊन येत, "सर, बाईंनी बोलावलंय." सर "करू या" म्हणत डबा बंद करत.

त्या शनिवारी समिती बसली. सरांनी नेहमीप्रमाणे इतिवृत्ताच्या वहीत 'समजूत' टेकवून समासाची रेघ मारली. ती हल्ली खणाबाहेर असते आणि फक्त रेघा मारते. सातवीतली मुलगी आता आठवीत. तिने पेटी उघडली. चिठ्ठ्या वाचताना ती प्रत्येक चिठ्ठी आधी मनात वाचते, कुणाचं नाव असेल तर गाळते आणि मग मोठ्याने वाचते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. शेवटची चिठ्ठी तिने मनात दोनदा वाचली.

"माननीय समिती यांस. सविनय निवेदन की, मला मधल्या सुट्टीत डबा पूर्ण खाऊ दिला जात नाही. माझ्यावर कामे सोपवताना माझे मत विचारले जात नाही, ही बाब कलम १२ शी विसंगत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. कळावे. एक विद्यार्थी."

नववीचा प्रतिनिधी खुसफुसला, "हा कोण रे 'कळावे'वाला?" मी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं, पण वेलांट्या सगळ्या जागेवर, आणि एकवीस वर्षांत आमच्या शाळेतल्या कुठल्याच विद्यार्थ्याने 'विसंगत' हा शब्द लिहिलेला नाही. समासाची रेघ तर इतकी सरळ की ती मारायला सागवानच लागावं. बाईंनी चिठ्ठी पाहिली, रूळसरांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेरच्या सप्तपर्णीकडे पाहू लागल्या. सर मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय कारवाई लिहायची, बाई?" मुलीने विचारलं.

बाईंनी घसा साफ केला. "लिही. यापुढे काम देण्याआधी विचारावे. आणि मधल्या सुट्टीत निरोप पाठवू नये."

"पण बाई," नववीचा प्रतिनिधी कायदा शिकलेला, रूळसरांकडूनच शिकलेला, "तक्रारदार अठराच्या आतला लागतो ना? वय तपासायला नको?"

सरांचं पेन थांबलं. मुलीने एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा सरांच्या कानांकडे. मग नोंदवही ओढून जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सर, इथे १ जून लिहू?"

"लिही," रूळसर मान वर न करता म्हणाले. "साल लिहू नकोस."